खुलं ठेवलेलं दार

सातबारा पाहण्यापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत आपली कितीतरी कामं आज वेबवर होतात. पण वेबवर कुणा एकाची मालकी का नाही, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तो पडावा म्हणून हा अंक. कारण वेबवरचा आपला बराचसा वेळ आता मोजक्या कंपन्यांच्या आवारातच जातो.

मार्च १९८९मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वरिष्ठांना एक टिपण दिलं. तिथं देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत-जात आणि जाताना माहितीचे धागेही तुटत. ते जोडून ठेवावेत, एवढाच हेतू. पुढे त्यातूनच वेबचा जन्म झाला आणि बर्नर्स-ली यांचा ‘नेक्स्ट’ संगणकच वेबचा पहिला सर्व्हर झाला. तो कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईतली सूचना चिकटवलेली होती.

आम्हाला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती ३० एप्रिल १९९३ ही तारीख. त्या दिवशी सर्ननं वेबचं तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठानं ‘गोफर’ या इंटरनेटवर माहिती शोधण्याच्या तेव्हाच्या लोकप्रिय पद्धतीसाठी शुल्क आकारायचं ठरवलं आणि लोक तिच्यापासून दुरावले.

अंकातले लेख सर्नच्या या निर्णयाभोवती फिरतात. सोबत मराठी वेबचीही कहाणी आहे. युनिकोड रुळण्याआधी संकेतस्थळागणिक फॉन्ट वेगळा असे आणि तो नसला की पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं उमटत. त्या काळात ज्यांनी हट्टानं मराठी लिहिलं, त्यांनी आम्हाला जरूर कळवावं. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.