विश्लेषण : स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनचे कोटेशन लाखांत का जाते?

आठ-दहा वर्षे जुनी स्पोर्ट्स कार आता नव्या एसयूव्हीच्या किमतीत मिळू लागली आहे. मात्र गाडीचा भाव उतरला म्हणून तिच्या सुट्या भागांचा भाव उतरत नाही. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड ऐकू येते, गाडी सेवा केंद्रात जाते आणि सस्पेन्शनचे कोटेशन पाहून मालकाचे डोळे पांढरे होतात. ही सरसकट लूट नसते, पण डोळे झाकून मान्य करण्यासारखेही त्यात सगळे नसते.

खर्च इतका का?

साध्या मोटारीतला शॉकअ‍ॅब्सॉर्बर तेलाचा किंवा वायूचा असतो. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये तो इलेक्ट्रॉनिक असतो आणि रस्त्यानुसार क्षणात कडक किंवा मऊ होतो. आर्म बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. त्यांतला रबरी बुश किंवा बॉल जॉइंट झिजला, तरी अनेक कंपन्या तो सुटा देत नाहीत. अख्खा आर्मच घ्यावा लागतो. त्यात कमी उंचीचे टायर खड्ड्याचा दणका फारसा शोषत नाहीत. तो थेट सस्पेन्शनवर येतो.

कोटेशनमध्ये काय तपासावे?

एकरकमी आकडा स्वीकारू नये. भाग, त्याचा क्रमांक, मजुरी आणि कर यांच्या वेगळ्या ओळी मागाव्यात. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तोच लावला आहे ना, हे पाहावे. प्रत्येक भाग का बदलायचा, हे गाडी लिफ्टवर असताना दाखवायला सांगावे. शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा पुसट ओलावा असणे आणि तेल ओघळणे यात फरक आहे. एका बाजूचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेला तर त्याच धुरीवरची जोडी बदलणे योग्य. चारही बदलायला सांगितले तर कारण विचारावे. जुने भाग परत मागावेत.

बाहेरच्या गॅरेजचे काय?

त्या मॉडेलवर काम केलेला स्वतंत्र मेकॅनिक मजुरीत बरीच बचत करून देऊ शकतो. एक प्रश्न त्याची पारख करतो : बुशचे बोल्ट शेवटचे कधी आवळणार? गाडीचे वजन चाकांवर असताना, हे योग्य उत्तर. हवेत लटकलेल्या गाडीवर ते आवळले तर रबर पिळले जाऊन लवकर फाटते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट हवेच. वेगासाठी बनलेल्या गाडीत स्वस्त नकली आर्म बसवणे मात्र जिवावर बेतू शकते.

विमा मिळतो का?

झीज विम्यात बसत नाही. खड्ड्यात चाक आपटून आर्म वाकला, तर तो अपघात ठरू शकतो. अशा वेळी छायाचित्रे काढून, दुरुस्तीपूर्वीच विमा कंपनीला कळवावे. ‘झिरो डेप्रिसिएशन’ नसेल, तर रबरी भागांची निम्मी रक्कम कापली जाते.

कायदा कोणाच्या बाजूने?

सुटे भाग व तांत्रिक माहिती अधिकृत विक्रेत्यांपुरती अडवून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारीही आहेत. पण संकेतस्थळावर माहिती देणे वेगळे आणि सुटा बुश दुकानात मिळणे वेगळे. तो मिळावा, अशी सक्ती हवी.

हे श्रीमंतांचे दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही. अख्खा भाग गळ्यात मारण्याची रीत छोट्या मोटारींतही आहे. फक्त आकडा लहान असल्याने ती खपून जाते. घासाघीस करून फार तर थोडी सूट मिळते. ओळीओळीने विचारलेला हिशेब मात्र अनावश्यक कामच कोटेशनमधून काढून टाकतो. तक्रार करायचीच वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथेही लेखी कोटेशनच कामी येते.