मॉन्टिसेलो : नाण्यावरचे घर आणि घराबाहेरची माणसे

#थ्रेड

अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ पासून एक घुमटाचे घर झळकते. व्हर्जिनियातील हे मॉन्टिसेलो, थॉमस जेफरसनचे निवासस्थान आणि १९८७ पासून जागतिक वारसास्थळ. तेथे गुलामगिरीविषयी सांगितले जाऊ लागल्यापासून काही पर्यटक कुरकुरतात : वास्तू पाहायला आलेल्यांना हे कशाला ऐकवता?

१/ कारण वास्तूच त्याविना उभी राहत नाही. आराखडा जेफरसनचा, पण आतील देखण्या लाकूडकामात जॉन हेमिंग्ज या गुलाम सुताराचा हात आहे. घराला लागूनच 'मलबेरी रो' : लोहारशाळा, सुतारशाळा, गुलामांची खोपटी. खिळ्यांच्या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची मुले राबत. जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे मालकीची बाळगली. त्यांची नावे आणि त्यांना वाटलेल्या कापडाचा हिशेब त्याच्याच हस्ताक्षरात उपलब्ध आहे. याला कोणी 'नंतर घुसडलेला इतिहास' म्हणत असेल, तर त्याने ती वही वाचलेली नाही.

२/ दुसरा ठरलेला बचाव : त्या काळाला आजची मोजपट्टी लावू नका. ठीक, त्याचीच लावू. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा कठोर निषेध जेफरसननेच लिहिला होता. काँग्रेसने तो वगळला. म्हणजे अन्याय त्याला दिसत होता.

३/ ४ जुलै १८२६ रोजी तो वारला, तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्राने अवघी पाच माणसे मुक्त केली. त्यांतील एक लोहार जोसेफ फॉसेट. त्याची पत्नी एडिथ ही घरातील मुख्य स्वयंपाकीण. तिला आणि मुलांना मात्र मुक्ती नव्हती. जानेवारी १८२७ मध्ये याच घरी १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. फर्निचर आणि गुरेही त्याच विक्रीत होती. अकरा वर्षांचा पीटर फॉसेट आईपासून वेगळा विकला गेला. स्वातंत्र्य मिळायला त्याला दोन दशकांहून अधिक काळ लागला. पुढे तो सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि १८९८ मध्ये त्याची आठवण छापून आली.

४/ आता जतनाकडे. १८३४ मध्ये नौदल अधिकारी उरिया लेव्हीने हे घर विकत घेतले. लेव्ही कुटुंब नसते तर ते बहुधा ढासळले असते. १९२३ मध्ये एका प्रतिष्ठानाने ते घेतले आणि भिंती, घुमट, बाग निगुतीने राखली. पण 'मलबेरी रो'वरची बहुतेक घरे तोवर नाहीशी झाली होती. सॅली हेमिंग्ज जेथे राहत असावी असे मानतात, त्या दक्षिण भागातील खोलीत १९४१ मध्ये पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधले गेले. जेफरसनपासून तिला मुले झाली, हे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. 'जतन' या शब्दाचा असाही अर्थ होता!

५/ तिच्यावरील प्रदर्शन तेथे उघडायला २०१८ उजाडले. 'केवळ वास्तुकला' पाहू इच्छिणाऱ्यांनी एवढेच सांगावे : जॉन हेमिंग्जचे लाकूडकाम निरखताना त्याचे नाव कानावर पडू नये, असा आग्रह नेमका कशासाठी?