घट बसायच्या आत गाद्या-उशा उन्हात काढा!



घट बसायला थोडेच दिवस उरले. घरोघरी धुणी निघाली आहेत. गच्चीच्या कठड्यांवर चादरी, गोधड्या, सतरंज्या वाळताहेत. आमची एकच कळकळीची विनंती: यंदा चादरीबरोबर गादी आणि उशीही बाहेर काढा. अभ्रा आपण नेमाने धुतो, आतली उशी मात्र वर्षानुवर्षे तशीच डोक्याखाली घेतो. गोम तिथेच आहे.

उठल्या उठल्या शिंकांवर शिंका, चोंदलेले नाक, चुरचुरणारे डोळे, रात्री पोराचा खोकला आणि छातीतली घरघर. घरात हे चालले असेल तर त्याचे मूळ अंथरुणात असू शकते. गादी-उशीत धुळीतले किडे, म्हणजे डस्ट माइट, राहतात. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, कोळी-गोचिडांच्या कुळातले. ढेकणासारखे ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा खातात. बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. घरातल्या धुळीची ॲलर्जी या किड्यांमुळे होते, हे 1964 मध्ये नेदरलँड्समधील डॉ. वुरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. सोलापूरचा कोरडा उन्हाळा त्यांना सोसत नाही. पण सप्टेंबर हा आपल्याकडे सर्वाधिक पावसाचा महिना, आणि तीच त्यांची सुगी. म्हणून पाऊस उघडताच, ऑक्टोबरचे ऊन तापताच, हे करा:

1. गाद्या-उशा सकाळी दहा ते चार कडक उन्हात टाका, दुपारी उलटवा. उन्हाने किडे मरतील, पण विष्ठा आतच राहील. म्हणून संध्याकाळी गच्चीवरच काठीने झोडपा. तिरप्या उन्हात धुळीचा लोट उठताना दिसेल. रोज रात्री आपण त्यात नाक खुपसून झोपतो. झोडपणाऱ्याने नाका-तोंडाला रुमाल बांधावा. दम्याच्या माणसाने तिकडे फिरकू नये.

2. चादरी, अभ्रे, पांघरुणे नळाला पाणी येईल त्या दिवशी बंबातल्या 60 अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवा. मुलांना लांब ठेवा. रंग जाईल असे वाटत असेल तर सोलापुरी चादर गार पाण्यात धुऊन दिवसभर उन्हात वाळवा. पुढेही चादरी-अभ्रे आठवड्याला धुवा.

3. पाहुण्यांसाठी माळ्यावर रचून ठेवलेले अंथरूण विसरू नका. मुलांची कापडी खेळणी पिशवीत बांधून चोवीस तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, मग धुवा.

4. कोरड्या झाडूने धूळ फक्त उडते आणि पुन्हा गादीवर बसते. ओल्या फडक्याने पुसा.

5. उन्हाळ्यात कूलर लावाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर दमटपणा वाढवतो आणि भर मे महिन्यात या किड्यांना पावसाळा मिळतो.

6. अंथरुणावर कीटकनाशक फवारू नका. मेलेल्या किड्यांचे अवशेषही बाधतात, आणि फवाऱ्याचा वास दम्याच्या रुग्णाला अधिकच त्रास देतो.

पूर्व भागात ज्यांच्या घरालाच लागून माग आहेत, त्यांनी झोपायच्या खोलीचे दार मागाच्या बाजूने बंद ठेवावे. सुताची धूळ वेगळी, पण छातीला तीही वाईटच.

आणखी एक, साफसफाई औषधाची जागा घेत नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप आपल्या मनाने बंद करू नका. धाप लागत असेल तर धुणे राहू द्या, आधी दवाखाना गाठा.

सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. देशाला पांघरूण पुरवणाऱ्या या गावातल्या पोरांनी आपल्याच अंथरुणामुळे खोकत रात्र काढू नये. ऊन फुकट आहे, काठी घरात आहे. येत्या रविवारी पहिली बाहेर काढायची ती उशी!