डुक्कर घ्यावी कीं पद्मिनी?

जुनी वस्तु घरांत आणावयाची तर ती कोणत्या पिढीची आणावी, हा प्रश्न दागिन्यांच्या व भांड्यांच्या बाबतींत आमच्या वाचकांस नवा नाहीं. मोटारीच्या बाबतींत तो गेल्या उन्हाळ्यांत आमच्या हुडकेश्वरच्या घरीं उपस्थित झाला, आणि दोन महिने जेवणाच्या पंक्तींत दुसरा विषय म्हणून निघाला नाहीं.

आरंभ आमच्या वडील बंधूंपासून झाला. दादांचें वय आज ७६. "आतां एक जुनी फियाट घ्यावी म्हणतों," असें ते एका रविवारीं म्हणाले, आणि त्याकरितां बँकेंतील ठेव मोडण्याची तयारीहि त्यांनीं दाखविली. ती ठेव गळक्या गच्चीच्या दुरुस्तीकरितां राखलेली असल्यामुळें प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाहीं. आमच्या पुतण्याच्या मनांत तर दोनच माणसें बसतील अशी उघडी, शर्यतीच्या थाटाची मोटार होती. "आणि बाकीच्या चौदा माणसांनीं काय मागून पळत यावयाचें?" या वहिनींच्या प्रश्नापुढें तो बेत टिकला नाहीं. मग त्यानेंच दोन फियाटी शोधून काढल्या : एक १९६१ सालची, जिला लोक 'डुक्कर फियाट' म्हणतात ती, आणि दुसरी १९७४ सालची पद्मिनी. पहिलीचें तोंड समोरून पाहिलें म्हणजे नांवाचें कारण विचारावें लागत नाहीं.

या दोघी एकाच घराण्यांतल्या. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली व कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. इटलींत १९५३ सालीं प्रसिद्ध झालेली फियाट ११०० ही मोटार १९५४ पासून तेथें तयार होऊं लागली. तीच ही डुक्कर. १९६४ सालीं 'डिलाइट' या नांवानें नव्या बांध्याची गाडी आली. १९७२ सालीं तिला 'प्रेसिडेंट' म्हणूं लागले आणि १९७४ सालीं 'पद्मिनी'. बांधा बदलला, नांवें बदललीं, पण यंत्राचें माप तेंच राहिलें : ६८ मिलिमीटर व्यासाचीं चार सिलिंडरें, ७५ मिलिमीटरांचा दट्ट्याचा फेरा, एकूण १०८९ घन सेंटिमीटर. पुतण्याचें समाधान एका गोष्टीनें झालें. फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनीं १९४६ सालीं सिसितालिया नांवाची जी लहानशी शर्यतीची मोटार आंखली, तिच्यांतहि फियाट ११०० चेंच यंत्र होतें. म्हणजे घरांत येणारी गाडी कोणतीहि असो, तिचें नातें शर्यतीच्या मैदानाशीं जुळणारच होतें!

तेव्हां निवड यंत्राची नसून इतर गोष्टींची होती. त्यांपैकीं पहिली गोष्ट दरवाजा. डुक्कर फियाटीच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस, म्हणजे गाडीच्या मधल्या खांबावर असतात. दार पुढून उघडतें. गुडघे दुखणाऱ्या वृद्धास असें दार सोयीचें, कारण मनुष्य पाठमोरा होऊन सरळ बैठकीवर टेकूं शकतो. परंतु चालत्या गाडींत खिटी सुटली तर वारा तें दार मिटवीत नाहीं, उलट सताड उघडतो. घरांत तीन लहान मुलें असतां हा विचार क्षुल्लक नव्हे. पद्मिनीचीं दारें आजच्या मोटारींप्रमाणें पुढें बिजागरी असलेलीं आहेत.

दुसरी गोष्ट गंजाची. या दोन्ही गाड्यांस निराळा लोखंडी सांगाडा नाहीं. पत्र्याचा सांधलेला बांधा हाच सांगाडा. म्हणून तळाचा पत्रा अथवा दाराखालची पट्टी गंजली कीं गाडीचा कणाच गेला असें समजावें. वरून केलेल्या चकचकीत रंगावर विश्वास ठेवूं नये. आमच्या मिस्त्रीनें फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक दोन्ही गाड्यांवरून फिरविलें. डुक्करीच्या तळाशीं चार ठिकाणीं तें चिकटलेंच नाहीं. तेथें पत्र्याच्या जागीं लांबी भरलेली होती.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. पद्मिनी सुमारें २००० सालापर्यंत निघत होती व मुंबईंत टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरापर्यंत धांवली. साहजिकच तिचे भाग व ते बसविणारे हात अजून सांपडतात. डुक्करीची कांच, तिच्या दिव्यांच्या कड्या, दाराच्या मुठी यांकरितां मात्र दारोदार फिरावें लागतें. नागपूरच्या वैशाखांत पेट्रोलची नळींतच वाफ होऊन गाडी अडते व पंपावर ओलें फडकें ठेवावें लागतें, हा त्रास दोघींसहि सारखाच. आणि हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळें जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा बदलून घेणें दोघींसहि अवश्य. कायद्याचें म्हणाल तर २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊं शकते. परंतु अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापरास चालत नाहीं. गाडी मिरविण्याकरितां घ्यावयाची कीं वापरण्याकरितां, हें आधीं ठरवावें तें यासाठीं.

इतका हिशेब मांडल्यावर निर्णय सोपा दिसत होता. तरी दादा डुक्करीवरून हलेनात. अखेर एके रात्रीं अंगणांत बसले असतां आम्हीं कारण विचारलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाबांची गाडी कोणती होती, आठवतें ना तुला?"

आम्हांस आठवत होतें. आमचें घर तेव्हां महालांत होतें आणि हुडकेश्वर हें शहराबाहेरचें खेडें. येथील शेतावर बाबा आम्हां दोघांस ज्या गाडींतून आणीत, ती डुक्कर फियाटच होती. १९७५ सालीं ती विकली गेली, ती आमच्या महाविद्यालयाच्या खर्चाकरितां. गाडी पोहोंचवून देण्यास दादाच गेले होते व परत पायीं आले होते. आम्ही शिकलों, नोकरी केली, निवृत्तहि झालों. पण त्या गाडीचा शब्द पन्नास वर्षांत आमच्या तोंडून एकदांहि निघाला नव्हता. त्या रात्रीं आम्हांस आमचीच लाज वाटली. "दादा, डुक्करच घेऊं; पैसे आम्ही देतों," असें आम्ही म्हणालों.

वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, यांना गाडी पाहावयाची आहे कीं गाडींत बसून कोठें जावयाचें आहे, तेवढें आधीं विचारा." दादा हंसले व म्हणाले, "रामटेकास जावयाचें आहे. बाबा नेणार होते, तें राहून गेलें."

रामटेकापर्यंत जी पोहोंचेल ती गाडी घ्यावयाची असें ठरलें, आणि पद्मिनी घरीं आली. ठेव मोडावी लागली नाहीं. अर्धी रक्कम आम्हीं हट्टानें घातली व अर्धी पुतण्यानें. गच्चीचें काम मृगापूर्वीं उरकलें. श्रावणांतल्या एका सकाळीं कन्हानचा पूल ओलांडून, मनसरास यंत्राला घटकाभर विसांवा देऊन, आम्ही रामटेकास पोहोंचलों.

अशा खरेदीच्या विचारांत असलेल्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पत्रा, भाग व कायदा यांचा हिशेब अवश्य करावा. पण ज्याला ती गाडी हवी आहे त्याला ती कां हवी आहे, हें त्याच्याजवळ बसून आधीं विचारावें. आम्हीं तें फार उशिरां विचारलें.

रामटेकाहून निघतांना दादा गाडीपाशीं गेले आणि त्यांचा हात दाराच्या पुढच्या कडेस मूठ शोधूं लागला. मूठ मागें आहे, असें सांगण्यास पुतण्या पुढें होत होता; आम्हीं त्यास खुणेनेंच थांबविलें.