आधी ज्वारी, मग घोडेस्वार : संगणकावरचे युद्ध आणि १८०३ चे वऱ्हाड

हा धागा दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २' ऑनलाइन खेळू लागलेले आणि पहिल्या वीस मिनिटांतच पराभूत होणारे, हे पहिले. गाविलगड केवळ चिखलदऱ्याच्या सहलीतील एक थांबा म्हणून पाहिलेले, हे दुसरे. माझे मत असे की या दोघांच्याही नजरेतून एकच गोष्ट निसटते, आणि ती म्हणजे शिधा.

खेळाची तोंडओळख थोडक्यात. मूळ खेळ १९९९ चा, 'डेफिनिटिव्ह एडिशन' २०१९ ची. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या पुरवणीमुळे सरसकट 'इंडियन्स'ऐवजी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार पक्ष खेळता येऊ लागले. 'यात मराठे का नाहीत?' ही तक्रार वारंवार कानी येते. खेळाचा काळ ढोबळमानाने सोळाव्या शतकाशी संपतो, हे त्याचे साधे उत्तर. मराठे हवे असतील त्यांनी २००९ चा 'एम्पायर : टोटल वॉर' पाहावा. मला स्वतःला उणीव जाणवते ती एलिचपूरच्या इमादशाहीची. ती तर नेमकी याच काळातली, आणि तिची आठवण खुद्द वऱ्हाडातही फारशी कोणी काढत नाही.

आता मुद्द्याकडे. सामना सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे असते एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक टेहळ्या स्वार. कोठारात २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने, २०० दगड. एका गावकऱ्याला ५० अन्न लागते आणि तो तयार व्हायला २५ सेकंद. म्हणजे हाती असलेल्या अन्नात आणखी चार माणसे होतात. पहिल्याच क्षणी ती चारही मागवावीत आणि पुढे टाउन सेंटर क्षणभरही रिकामे राहू देऊ नये. नवख्यांच्या दहांतील आठ पराभवांचे मूळ मला तरी येथेच दिसते. सैनिकांच्या हालचाली पाहण्यात ते गुंगतात, आणि मागे गावात नवा माणूस जन्माला येणे थांबलेले असते. घर बांधण्याचेही तेच. २५ लाकडांच्या एका घरात पाच जणांची सोय होते. घर वेळेवर उभे राहिले नाही, तर सारी वाढ खुंटते.

पुढील युगात जाण्यासाठी ५०० अन्न मोजावे लागते. साधारण एकवीस-बावीस गावकरी झाल्यावर ते मोजावे. त्याआधी मोजण्याची घाई नवख्याला झेपत नाही. ऑनलाइन प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहण्यापूर्वी खेळातच दिलेले 'आर्ट ऑफ वॉर' हे सरावाचे धडे गिरवावेत. कंटाळवाणे आहेत, पण उपयोगाचे.

'हे सारे शेतीचे झाले, युद्ध कुठे आहे?' असा प्रश्न येथे हमखास येतो. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे.

१८०३ चे दुसरे इंग्रज-मराठा युद्ध आपण आसईच्या लढाईवरून ओळखतो. ती झाली २३ सप्टेंबरला. पण भोसल्यांपुरता युद्धाचा निकाल लागला वऱ्हाडात : २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे, आणि १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातील गाविलगडावर. या मोहिमेतील आर्थर वेलस्लीचा पत्रव्यवहार चाळला, तर तलवारीपेक्षा बैल आणि धान्य यांचीच चिंता अधिक आढळते. त्याच्या फौजेचा दाणागोटा बऱ्याच अंशी बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होता. तांडा थांबला की पलटण थांबे. टाउन सेंटर रिकामे राहण्याचा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता.

अडगावचा एक प्रसंग नवख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आसईला तोफांसमोर न डगमगलेल्या कंपनीच्या तीन पलटणी येथे पहिल्याच माऱ्यात उधळल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना पुन्हा रांगेत उभे केले आणि मगच लढाई पुढे नेली. संगणकावरचा सैनिक घाबरत नाही, घाबरतो तो खेळाडू. गावावर चार स्वार चालून आले की तो घंटा वाजवतो, सगळे गावकरी कामे टाकून इमारतींत शिरतात आणि चार स्वारांना जे साधले नसते ते घंटेने साधते. ज्या चार-पाच जणांवर हल्ला झाला आहे तेवढ्यांनाच आत घ्यावे. बाकीच्यांची कुऱ्हाड चालू राहू द्यावी. मग भालेकरी तयार करावेत. भालेकरी घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी, एवढे गणित आरंभी पुरते.

आता गाविलगड. नवख्यांना 'अरीना' हा नकाशा प्रिय असतो, कारण तेथे आरंभापासून गावाभोवती तट असतो. गाविलगडाला निसर्गानेच तसा तट दिला होता. दक्षिणेकडे सातपुड्याचा उभा कडा. उत्तरेला मात्र गड लवाद्याच्या बाजूच्या पठाराशी जोडलेला. वेलस्ली स्वतः दक्षिणेच्या पायथ्याशी ठाण मांडून बसला. खरा घाव उत्तरेकडून घालायचा होता आणि ते काम कर्नल स्टीव्हन्सनकडे होते. ७ डिसेंबरला एलिचपुराहून निघालेल्या त्याच्या फौजेने डोंगरातून स्वतःच वाट तयार केली आणि जड तोफा बहुतेक ठिकाणी हातांनी ओढत १२ तारखेला उत्तर बाजू गाठली. तीन दिवसांत तटाला खिंडार पडले. बाहेरचा कोट गेल्यावर आतल्या कोटावर शिड्या लागल्या. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. गडावर साठा नव्हता असे नाही. शत्रू तोफा घेऊन त्या डोंगरातून येईल, हा हिशेबच बहुधा कोणी मांडला नव्हता.

तट वेळ मिळवून देतो. तो वेळ कशात घालवायचा हे तट सांगत नाही. अरीनावर कोट बंद करून निवांत बसणाऱ्या खेळाडूचे असेच होते. त्याने टेहळ्याला तटाबाहेर फिरते ठेवावे, आपल्या पाठीमागच्या जंगलाकडेही अधूनमधून पाहावे, आणि समोरचा काय बांधतो आहे यावर नजर ठेवावी. शत्रूच्या गावात वेढ्याची यंत्रे बनवण्याचा कारखाना दिसला की समजावे, भिंतीचे दिवस भरले.

गड पडल्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले आणि निजामाकडे आले. गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले मात्र भोसल्यांकडेच राहिले. हे कलम मला फार बोलके वाटते. कडेकोट किल्ले परत मिळाले आणि काळ्या जमिनीचा मुलूख गेला. पूर्णेच्या खोऱ्यातील ज्वारी आणि कापूस पिकवणारी ही जमीन महसुलाची खाण होती. इंग्रजांना त्या सौद्यात काय मोलाचे आहे, हे कळत होते. आपल्या शाळकरी इतिहासात मात्र किल्ल्याचे चित्र असते, खोऱ्याचे नसते.

येथे खेळाचीही एक उणीव सांगितली पाहिजे. त्यातील शेत ६० लाकडांत उभे राहते, आटले की पुन्हा ६० लाकडांत पेरता येते. पाऊस लागत नाही. गावकरी कधी उपाशी मरत नाही, गाव सोडून जात नाही, कोणाची फौज त्याचे बैल ओढून नेत नाही. १८०३-०४ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ पडला, आणि पावसाइतकाच त्याला फौजांच्या लुटीनेही हातभार लावला होता. ज्या धान्याने पलटणी चालल्या, ते कुणाच्या तरी कणगीतून आलेले होते. खेळात ही कणगी दिसत नाही; बखरींत आणि इंग्रजी खलित्यांतही क्वचितच दिसते.

शेवटची सूचना. सामना हरलात की लगेच दुसरा सुरू करू नका. खेळ प्रत्येक सामन्याची नोंद जतन करतो; ती उघडा आणि लढाईचा भाग वगळून फक्त पहिली दहा मिनिटे पाहा. टाउन सेंटर किती वेळ रिकामे होते, ते घड्याळ लावून मोजा.