साहेबाची मोटार आणि आमची ऐट

मोटारीत डौल शोधायचा तर तो जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारींतच शोधावा, असे एक मत अलीकडे आमच्या तरुण मंडळींत, आणि खरे सांगायचे तर काही प्रौढांतही, फार ठासून मांडले जाते. एम. जी., जॅग्वार, ट्रायम्फ ही नावे ज्याच्या जिभेवर नाहीत तो अरसिक, असा या मताचा रोख असतो. या गाड्यांच्या अंगच्या गुणाला ही मंडळी ‘कूल’ हा शब्द योजतात. वैशाखात ताप्तीच्या घाटाचे दगड तापून निघतात, तेव्हा बऱ्हाणपुरात बिनछपराच्या दोन आसनी गाडीत बसून कोण किती ‘कूल’ राहील, हा प्रश्न आम्ही विनोदावारी सोडून देतो. आमचा प्रश्न निराळा आहे. या गाड्यांना ऐट आहे हे मान्य केले, तरी ती ऐट कोणाची? घडवणाऱ्याची, राखणाऱ्याची, की नुसत्या बसणाऱ्याची?

हा रिकाम्या वेळेचा वाद नव्हे. तो आता देवळाच्या दारापर्यंत आला आहे. लग्नसराईत नवरदेव देवदर्शनाला निघे तो पूर्वी घोड्यावरून, पुढे कोणा आप्ताच्या मोटारीतून. आता निमाड-खानदेशातील वरातींत ‘विंटेज’ म्हणून एक वाहन भाड्याने आणण्याची चाल पडत आहे. लांब नाक, बाहेर आलेले दोन मोठे दिवे, पायरीसारखे रुंद मडगार्ड, मागे अडकवलेले जादा चाक. पाहणाऱ्याला वाटावे, १९३० सालच्या विलायतेतून एखादी मोटार थेट आपल्या गल्लीत उतरली. जवळ जाऊन पाहावे तर बहुधा खाली जुन्या जीपचा किंवा दुसऱ्या एखाद्या देशी गाडीचा सांगाडा, आणि वर फायबरचे वा पत्र्याचे सोंग. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून अधिक जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात, आणि तिला नित्याच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणारे ‘विंटेज’ हे नावालाही विंटेज नव्हे, हे उघड आहे. ज्या दिवशी दोन कुळे एकमेकांना सत्याचे वचन देतात, त्या दिवशी देवापुढे उभे करायला आम्हांला खोटे वाहन का लागावे?

पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तर देणे हा आमच्या परंपरेचा मार्ग नव्हे. इंग्रजी गाड्यांचे चाहते तीन गोष्टी सांगतात. पहिली, या गाड्या देखण्या आहेत. दुसरी, त्यांत इंग्रजी कारागिरीची परंपरा आहे. तिसरी, आजच्या एकसुरी गाड्यांच्या गर्दीत त्या माणसाला उठून दिसू देतात.

पहिली गोष्ट आम्ही विनातक्रार मान्य करतो. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडलेली जॅग्वारची एक्स. के. १२० किंवा १९६१ साली जिनिव्हात दाखवलेली ई-टाइप पाहून ज्याचे मन प्रसन्न होत नाही, त्याच्याशी सौंदर्याची चर्चा व्यर्थ आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली ती उगाच नव्हे. पण हे सौंदर्य कोठून आले, ते चाहत्यांपैकी फार थोडे विचारतात. महायुद्धानंतर इंग्लंड कर्जाने वाकले होते. पोलाद मोजून मिळे, आणि जो कारखाना माल परदेशी विकील त्याला ते आधी मिळे. अशा ओढगस्तीत १९४५ ते १९४९ या काळात एम. जी.ने ‘टी. सी.’ नावाची गाडी काढली. तिचे एंजिन अवघे १,२५० सी. सी.चे, तिच्या पत्र्याखालचा सांगाडा अॅश नावाच्या लाकडाचा, म्हणजे चक्क सुताराने जोडलेला. अशा सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या आणि त्यांतील पुष्कळ सातासमुद्रांपलीकडे गेल्या. लोटसची ‘सेव्हन’ १९५७ साली आली. खरेदीकर वाचावा म्हणून ती सुट्या भागांच्या रूपाने विकली जाई, आणि घेणारा तरुण आपल्या घराच्या पडवीत ती स्वतः जोडत असे.

शिवाय या गाड्या कुरकुऱ्याही होत्या. तेल गळे, पावसात दिवे जात, कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा जुळवावे लागत. त्यामुळे मालकाला अर्धा मिस्त्री व्हावेच लागे. रविवारी सकाळी ज्याचे हात काळे झाले, तोच दुपारी तिच्यातून मिरवू शके. ही त्या गाड्यांची खरी ऐट होती. घराण्याच्या श्रीमंतीशी तिचा संबंध थोडा होता. आमचे चाहते चित्रातले नाक पाहतात, चित्राबाहेरचे काळे हात पाहत नाहीत.

दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे इंग्रजी परंपरेचा, निकाल इतिहासानेच लावला आहे. १९६८ साली अनेक कारखान्यांची मोट बांधून ब्रिटिश लेलँड ही कंपनी झाली. १९७५ साली ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली, आणि १९८० च्या ऑक्टोबरात अॅबिंग्डनचा एम. जी.चा कारखाना बंद पडला. जॅग्वार २००८ साली लँड रोव्हरसह मुंबईच्या टाटांनी अमेरिकेच्या फोर्डकडून विकत घेतली. एम. जी.चे नाव २००५ पासून चिनी मालकीकडे गेले, आणि त्याच नावाच्या गाड्या २०१९ पासून गुजरातेत हालोल येथे तयार होऊ लागल्या. तेव्हा बिल्ल्याकडे पाहून ‘अस्सल इंग्रजी’ म्हणून हरखणाऱ्याने, तो बिल्ला कोणाच्या वहीखात्यात आहे, हे एकदा पाहावे. नाव विकत घेता येते. नावाला मोठेपण देणारे हात विकत मिळत नाहीत.

आता तिसरी गोष्ट, उठून दिसण्याची. बऱ्हाणपूरकरांना तरी हा मोह नवा नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच शहरात शाहजादा परवेझच्या भेटीस आला होता. येथून तो अजमेरला गेला, आणि १६१६ च्या जानेवारीत जहांगीर बादशहाला त्याने एक इंग्रजी घोडागाडी नजर केली. विलायती वाहनाने हिंदुस्थानात ऐट मिरवल्याची ही फार जुनी नोंद. बादशहाला गाडी आवडली. मग त्याने काय केले? आपल्या कारागिरांकरवी तशीच दुसरी गाडी तयार करवली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अजमेर सोडून तो माळव्याकडे निघाला तेव्हा स्वतः बसला तो देशी कारागिरांनी केलेल्या गाडीत. अस्सल इंग्रजी गाडी नव्या उंची कापडाने मढवून नूरजहानला दिलेली होती. दोन्हींत इतके साम्य होते की केवळ वरच्या जरीच्या मखमलीवरून आपल्याला फरक ओळखता आला, असे खुद्द रोने लिहून ठेवले आहे.

ही नक्कल आणि वरातीतली नक्कल यांतले अंतर वाचकांनी लक्षात घ्यावे. तिथे कारागिरांनी चाक, आस, जोड समजून घेऊन चालणारी गाडी उभी केली. इथे आतले काहीच समजून न घेता बाहेरचे कवच चढवले जाते. पहिल्या नकलेने विद्या वाढते, दुसरीने भाडे.

पहिल्या प्रकारची नक्कल आमच्या लोकांनी पुढेही केली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात विलायती सायकली विकण्या-दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, आणि परदेशी अवजारे पाहता पाहता लोखंडी नांगर घडवला. आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना, तरी त्यांनी तो सोडला नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती या हट्टातून. मोटारींतलेच उदाहरण हवे तर स्टँडर्ड हेरल्ड घ्या. इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड या नावाने तयार होऊ लागली, आणि तिथल्या कारखान्याने पुढे दोन दारांच्या त्या गाडीला चार दारे केली. ज्या ट्रायम्फ स्पिटफायरची चित्रे तरुण भिंतीवर लावतात, ती १९६२ ची स्पिटफायर याच हेरल्डच्या सांगाड्यावर, तो आखूड करून, बेतलेली होती. दोघींचे रूपही तुरीनच्या मिकेलोत्ती या एकाच कलावंताच्या हातचे. म्हणजे स्पिटफायरची सख्खी बहीण आमच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे भाजीच्या पिशव्या आणि शाळेची मुले वाहत होती. तिला कोणी ‘कूल’ म्हटले नाही, आणि जुनी झाल्यावर ती भंगारात गेली! परक्या भिंतीवरच्या बहिणीची आरती आणि घरच्या बहिणीची अडगळ, याला रसिकता म्हणावे काय?

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही आमचे दोन शब्द आहेत. ते म्हणतात, इंग्रजी मोटार ही गुलामगिरीची खूण. तिचे कौतुकच नको. हेही आम्हांला मान्य नाही. लोखंडाला जात नसते. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्थान, मॉस्को, पोलंड, कैरो येथवर जाते असे लिहिले. ते कापड नेसणारे काही आमचे गुलाम झाले नाहीत. आणि आमचा कुंडी भंडारा? रो या शहरात आला त्याच १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानानाच्या कारकीर्दीत तो बांधला गेला. त्याची योजना इराणी जाणकाराची. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या भुयारातून, शंभरावर कुंड्यांच्या वाटेने, कोणत्याही पंपावाचून केवळ उतारावर शहराकडे आणलेले. योजना परकी म्हणून कोणी ते पाणी पिण्याचे सोडले नाही. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत त्याचे नाव लागले. चारशे वर्षांनंतरही पाणी वाहते, ते कुंड्यांत उतरून गाळ काढणाऱ्या आणि वाट मोकळी ठेवणाऱ्या माणसांमुळे. तेव्हा विद्या कोठून आली याला महत्त्व थोडे. ती आमच्या हातात उतरली की नाही, याला सारे महत्त्व.

देवळाशी नाते असलेल्या वाचकांना हे पटवण्यासाठी फार दूर जायला नको. मंगेशीचा माघातला रथ घ्या, किंवा अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला जळगावचा श्रीरामरथ घ्या. कार्तिकी एकादशीला तो हजारो माणसांच्या गर्दीतून निघतो. त्याला एंजिन नाही, ब्रेक नाही. चाकाखाली लाकडी मोगरी सारणारे सेवेकरी त्याला वळवतात आणि थांबवतात. डोळ्यांचे पाते लवावे इतक्या वेळात मोगरी बसली नाही तर अनर्थ. रथावर फुले पडतात, आरत्या होतात; पण त्या दिवशी रथाची खरी ऐट कोणाच्या हाती असते, हे चाकाशी वाकलेल्या त्या माणसाकडे पाहिले की कळते. आमच्या बापजाद्यांना वाहनाचे हे मर्म ठाऊक होते. म्हणूनच खंडेनवमीला ते हत्यारांची पूजा करीत.

आज मात्र आम्ही दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालतो, आणि ती चालती ठेवणाऱ्या मिस्त्र्याला दाराबाहेरूनच पैसे देतो. यंत्रमागांच्या या शहरात जुना माग केवळ कानाने ऐकून दुरुस्त करणारी माणसे आहेत. त्यांचा मुलगाही ते काम शिकायला तयार नाही, कारण गावात त्या कामाला मान नाही. मान मिळतो भाड्याच्या गाडीत तासभर बसणाऱ्याला. आमचा राग आहे तो या उलट्या हिशेबावर, गाडीवर नव्हे.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी सोंगाच्या गाड्या देवळाच्या आवारात येऊ देऊ नयेत. नवरदेव घोड्यावर यावा, पायी यावा, नाहीतर घरच्या साध्या मोटारीतून यावा. देवाला त्यात उणे नाही. ज्यांच्या घरी एखादी हेरल्ड, फियाट, अँबॅसडर किंवा जुनी बुलेट धूळ खात आहे, त्यांनी ती भंगारात घालण्याआधी घरच्या मुलाला जाणत्या मिस्त्र्याच्या हाताखाली तिच्यावर बसवावे. एंजिन खोलून पुन्हा जुळवता आले तर पुढे मुलाने जॅग्वारचे चित्र भिंतीवर खुशाल लावावे. तो ते अधिकाराने लावील. आणि येत्या खंडेनवमीला हत्यारांबरोबर ती चालवणारे हातही पुजावेत. गावातल्या एका तरी मिस्त्र्याला देवळात बोलावून, नाव घेऊन, शाल-श्रीफळ द्यावे.

कोणी म्हणेल, लग्नाचा आनंद वर्षा-दोन वर्षांनी एकदा येतो, त्यात एवढे कडक कशाला व्हावे? आनंदाला आमची मुळीच ना नाही. वाजंत्री वाजू द्या, दिवे लागू द्या, पंगती उठू द्या. पण त्या आनंदात मुलांना आम्ही काय शिकवतो, तेही पाहावे. जे आपले नाही, जे खरेही नाही, ते भाड्याने आणून मिरवावे, हा धडा त्यांनी मांडवात घेतला, तर पुढे संसारात ते तोच गिरवतील.