कागदावर खुले, वापराला बंद

मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या झाल्या. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर उतरेपर्यंत त्या पाण्याला आपला हात लागू शकला नव्हता. इतिहासाच्या तासाला आम्ही या मधल्या तीन वर्षांपाशी नेहमी थोडे अधिक रेंगाळतो. कागद चोख होता. बंद होता तो काठापर्यंतचा रस्ता.

खुले असणे आणि वापरता येणे यांतील हे अंतर मिटवण्याची विद्या आज रीतसर शिकवली जाते, हे आपल्या पालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ साली डिझाइन शिकवणारे केंद्र सुरू झाले. 'आयडीसी' या नावाने ते ओळखले जाते. तेथील 'इंटरॅक्शन डिझाइन' या शाखेत माणूस आणि यंत्र यांच्यातील व्यवहाराचा विचार होतो. एटीएमचा पडदा, तिकिटाचे यंत्र, मोबाइलवरचा अर्ज, सारे त्यात आले. पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी आपले अंतिम प्रकल्प प्रदर्शनात मांडतात. या अभ्यासाची रीत आम्हांस विशेष भावते. वस्तू बनवण्याआधी ती वापरणाऱ्याच्या घरी जायचे, त्याच्या शेजारी बसायचे, त्याचा हात कोठे अडखळतो ते पाहायचे. मग कागदापुठ्ठ्याचा नमुना करून त्याच्याच हाती द्यायचा आणि तो पुन्हा अडखळला, तर नमुना मोडून नवा करायचा.

या रीतीचे एक फळ आपल्यापैकी कित्येकांच्या बोटांखालून गेले असेल. मोबाइलवर मराठी लिहायचे तर पूर्वी बहुधा रोमन अक्षरे जुळवावी लागत. म्हणजे आपल्या आईला 'बाळा' एवढे लिहिण्यासाठी आधी इंग्रजी मुळाक्षरे शिकावी लागणार! आयडीसीतील प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक तयार केला. त्यात व्यंजने शाळेतल्या तक्त्याप्रमाणे वर्णमालेच्या क्रमाने येतात. 'क'वर बोट ठेवले की भोवती चक्र उघडते, त्यात का, कि, की, कु असे पर्याय दिसतात. बोट त्या दिशेला सरकवले की अक्षर उमटते. म्हणजे बाराखडी येणाऱ्याला नव्याने शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या स्त्रीचे ज्ञान येथे ज्ञान म्हणून धरले गेले, याचे आम्हांस मोल वाटते.

आपल्या कागलकरांना ही दृष्टी परकी वाटू नये. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी शाळा उघडून समाधान मानले नाही. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात आला तर राहील कोठे, जेवेल काय, हा प्रश्न त्यांनी त्या मुलाच्या बाजूने विचारला. म्हणून १९०१ पासून वसतिगृहे उभी राहू लागली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. आपले निवासी विद्यालय त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून अपंगांसाठी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन प्रत्येक वास्तुविशारदाने वाचावे. ज्याला पायरी ओलांडता येत नाही, त्याला ती जितकी स्पष्ट दिसते तितकी इतरांना दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल, महाडचा अडथळा पायऱ्यांचा नव्हता, मनांचा होता. तो आराखड्याने कसा दूर झाला असता? आक्षेप रास्त आहे. मनातली जात कोणताही डिझाइनर काढू शकणार नाही. परंतु आज पुष्कळदा द्वेषावाचूनही माणसे बाहेर राहतात, कारण रचना करणाऱ्याने त्यांना कधी पाहिलेलेच नसते. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज घ्या. ओटीपी जातो बापाच्या मोबाइलवर. बाप ऊसतोडीला परमुलखात, रिचार्ज संपलेला. दाखल्यावरच्या नावात एक वेलांटी वेगळी पडली की अर्ज अडतो, आणि का अडला ते मराठीत कोणी सांगत नाही. मुदत टळते. मग शिक्षकांच्या खोलीतसुद्धा ऐकू येते, "पालकच बेफिकीर." आम्हांस हा निवाडा मान्य नाही. नापास झालेला असतो तो अर्ज. गुण मात्र मुलाचे जातात.

असा अर्ज रचणाऱ्याच्या खुर्चीत वसतिगृहात वाढलेली मुलगी का नसावी? आयआयटी मुंबईतर्फे २०१५ पासून 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा घेतली जाते. कला, वाणिज्य वा विज्ञान, कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना ती देता येते, आणि चित्र काढण्यालाही तीत गुण असतात. आपल्या घरांत मात्र डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडची वाट क्वचितच बोलली जाते. चित्रकलेची वही दहावीला माळ्यावर जाते. परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, हा पहिलाच अडखळा. समावेशाची विद्या शिकवणाऱ्यांनी आपल्या दाराशी असलेल्या या उंबरठ्याचाही विचार करावा, अशी आमची अपेक्षा आहे. तोवर माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी एक रविवार विद्यालयात यावे, अकरावी-बारावीच्या मुलांसोबत जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी आणि आपण बनवत असलेला एखादा अर्ज या मुलांच्या पालकांना भरायला द्यावा. वही-पेन सोबत असू द्यावे. बोट कोठे थांबते ते टिपायला लागेल.